भोंग्याची प्रार्थना

आमच्या ह्यांना चर्चमध्ये सगळे भोंगा म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. हे पंचवीस वर्षं बस डेपोत घोषणा द्यायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं पाकीट चौकशीच्या खिडकीत जमा झालंय. आणि रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधले उतारे, वाचायचे. वीज गेली तरी कुणाला फरक पडायचा नाही, शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनासुद्धा शब्द न् शब्द पोचायचा.

आठ महिन्यांपूर्वी ह्यांच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात आणि उजवा पाय गेला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात ह्यांनी डोळे उघडले, मी वाकले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, विचार केला, घसा साफ केला आणि अगदी घोषणा द्यावी तसं म्हणाले, "च्यायला."

मला हसूच फुटलं. मग कळलं की पाणी हवं असलं तरी च्यायला, उशी नीट कर म्हणायचं असलं तरी च्यायला, आणि मी रडायला लागले तेव्हा माझ्या डोक्यावर डावा हात ठेवून म्हणाले तेही च्यायला. बाकी सगळे शब्द गेले होते. तो एवढा राहिला होता.

आणि तो शब्द ह्यांचा नव्हताच, माझा होता. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. लांबी कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. सुई बोटात घुसली की च्यायला, दोरा तुटला की च्यायला, हे माझं ठरलेलं. आणि आतून ह्यांचं ठरलेलं, "अगं, तोंड आवर." तीस वर्षं हा माणूस तो शब्द घरातून झाडून काढायला बघत होता. देवानं सगळं घर झाडलं आणि नेमका तेवढाच कोपऱ्यात ठेवला. याला काय म्हणायचं? मला तर राग येतो. आधीच सांगून ठेवते, देवानं कसं तारलं याची गोड साक्ष ज्यांना ऐकायची असेल त्यांनी चर्चमधल्या बायकांच्या भगिनी मंडळात जावं.

भगिनी मंडळ आमच्याकडेही आलं होतं. वाचेवर उपचार करणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायची, मी तिला स्पीचवाली म्हणते. तिनं मला समजावलं होतं की ह्यांच्या डोक्यात वाक्य पूर्ण तयार होतं, पण बाहेर येताना दारात तो एकच शब्द उभा असतो. अशा काही माणसांना बोलता येत नाही पण गाता येतं, असंही ती म्हणाली होती. हे मी कुणाला तरी बोलले आणि झालं, रविवारी दुपारी सात बायका गीतांची पुस्तकं घेऊन हजर. ह्यांचं आवडतं गीत चांगलं म्हटलं त्यांनी. शेवटची ओळ मुद्दाम सोडली, ह्यांच्यासाठी. सगळ्या श्वास रोखून बसल्या. ह्यांचे डोळे भरले, ओठ हलले, ह्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"च्यायला!"

एकीनं बरोबर आणलेल्या लेकराचे कान झाकले. एक उठून चपला शोधायला लागली. तिसरी मला दाराशी घेऊन म्हणाली, "ताई, जो पेलू शकतो त्यालाच देव ओझं देतो हो."

"मग तुमच्याकडे का नाही पाठवलं?" मी म्हटलं. "तुम्ही तर माझ्यापेक्षा धडधाकट आहात."

त्यानंतर भगिनी मंडळ आलं नाही. मी वाईट वागले हे मला माहीत आहे. त्या बायका दुपारची झोप सोडून आल्या होत्या. पण माझ्या नवऱ्याच्या तोंडून चमत्कार निघाला नाही म्हणून चपला शोधायच्या, हे मला सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

प्रार्थनेचं सांगायचं तर आमच्या घरात प्रार्थना हे ह्यांचं खातं होतं आणि भांडण माझं. जेवणाआधी हे, झोपण्याआधी हे, प्रवासाला निघताना हे. मी डोळे मिटून भाजी करपत तर नाही ना याचा वास घेत असायचे. माझा देवावर विश्वास होता, म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरवर असतो तसा. चांगला असेल, ह्यांच्या ओळखीचा आहे, वेळ आली तर जाऊ. आता वेळ आली आणि ओळख काढून देणारा माणूसच मुका झाला.

एकदा पायमोज्यांच्या ढिगात, म्हणजे कुणाच्या तरी सहा मुलांचे फाटके मोजे रफू करताना, मी तोंड उघडलं. मला ह्यांच्यासारखे शब्द येत नव्हते. मला जे येतं ते मी केलं. "तू बहिरा आहेस की मुद्दाम करतोस?" मी देवाला विचारलं. "ज्या माणसानं इतकी वर्षं तुझं वाचून दाखवलं त्याचं तोंड बंद केलंस आणि माझं चालू ठेवलंस? अक्कल आहे का?" मशीन चालवता चालवता अर्धा तास मी त्याला झाडत होते. दुसऱ्या दिवशी उरलेलं बोलले. तिसऱ्या दिवशी एका शर्टाची कॉलर उलटवताना पुन्हा सुरू. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की तीस वर्षांत मी देवाशी जेवढं बोलले नव्हते तेवढं आता एका आठवड्यात बोलत होते. तो उत्तर देत नव्हता, पण उठूनही जात नव्हता. हे मला कुणाला सांगावंसं वाटलं नाही. भांडणारं माणूस ज्याच्याशी भांडतं तो समोर आहे हे धरूनच चालतं, आणि मी धरून चालायला लागले होते.

मग ती सकाळ. मी दुकानात पडद्याचं कापड कापत होते आणि आतल्या खोलीतून ह्यांचा शब्द ऐकू येत होता. एकदा नाही, लागोपाठ. मला वाटलं, पडले की काय. कात्री हातात घेऊन तशीच धावले. हे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, डोळे मिटलेले. डाव्या हातानं निर्जीव उजवा हात उचलून छातीशी जोडून धरला होता. च्यायला, च्यायला च्यायला. आवाज चढत होता, उतरत होता, मध्ये थांबत होता. एक ओळ लांब, एक आखूड. मी दारात उभी राहून ऐकलं आणि चाल ओळखली. ती प्रभूची प्रार्थना होती, येशूनं शिकवलेली. बापाला हाक मारण्यापासून मोहातून सोडव म्हणण्यापर्यंत पूर्ण, एक ओळ गाळलेली नाही. आठ महिने हा माणूस रोज सकाळी प्रार्थना करत होता आणि मी समजत होते, बिचारे वैतागलेत.

मी स्पीचवालीला सांगितलं. ती म्हणाली, "असू शकतं. शब्द जातात पण बोलण्याची चाल शाबूत राहते कधीकधी."

पुढच्या रविवारी मी ह्यांना चर्चला घेऊन गेले. आमची जागा तिसरा बाक, डावीकडे. प्रभूची प्रार्थना सगळी मंडळी एकत्र म्हणते. ह्यांनी म्हटली. आवाजाला लकवा झालेला नव्हता, तो होता तसाच होता. दुसऱ्या ओळीपासून माना वळायला लागल्या. चौथ्या ओळीला मुलं फिदीफिदी हसत होती. हे शेवटपर्यंत गेले, एक ओळ न चुकता. 

मंगळवारी दुकानात चर्चचे सेक्रेटरी आले. निवृत्त मुख्याध्यापक, आणि अजूनही सगळं जग शाळेच्या मैदानावर रांगेत उभं आहे अशा थाटात बोलणारे. पँटची कंबर सैल करायला आणली होती. मी पँट घालून उभं राहायला सांगितलं आणि टाचण्या ओठांत धरून खाली बसले. त्यांना तेच हवं असावं.

"ताई, कार्यकारिणीत विषय निघाला," ते माझ्या डोक्यावरून बोलले. "भोंग्याबद्दल आम्हा सगळ्यांना आदरच आहे. पण पवित्र ठिकाण आहे. मुलं तो शब्द शिकायला लागलीत. रविवारच्या शाळेत एकानं बाईंना म्हटला."

मी टाचणी लावली.

"तर असं ठरलंय की त्यांनी बाळखोलीत बसावं. तिथं काच आहे, सगळं दिसतं. स्पीकर आहे, सगळं ऐकू येतं. प्रभुभोजनाची भाकर आम्ही त्यांना उपासना संपल्यावर तिथंच आणून देऊ. म्हणजे त्यांचीही गैरसोय नको."

बाळखोली म्हणजे चर्चच्या मागची खोली, रडणाऱ्या तान्ह्या लेकरांना घेऊन आया बसतात ती. जमिनीवर खेळणी, भिंतीवर मेंढरांची चित्रं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एकेक टाचणी ओठांतून काढून हातावरच्या उशीत खोचली, म्हणजे गिळली जायला नको.

"सेक्रेटरीसाहेब, ते प्रार्थना करतात. तीच, तुम्ही करता तीच. चाल ऐका ना. डोळे मिटून ऐका."

"तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे."

"मला वाटत नाही, मला माहीत आहे. तीस वर्षं मी शेजारी बसलेय."

"ताई, शब्द शब्दच असतो," ते समजुतीनं म्हणाले. समजुतीनं म्हणाले म्हणून जास्त झोंबलं. "देवाला कळत असेल, नाही म्हणत नाही मी. पण उपासनेला लोकही असतात."

"आणि हे लोकांत येत नाहीत का?"

 त्यांनी कंबर किती सैल करणार ते विचारलं. मी सांगितलं, दीड इंच. ते गेल्यावर मी ती पँट मशीनवर घेतली. मनात आलं ते सांगत नाही. पण कुणाचा राग कापडावर काढायचा नाही हा माझ्या धंद्याचा नियम आहे, दीड म्हणजे दीडच सोडलं आणि टिपा सरळ मारल्या.

संध्याकाळी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, गाठलं. तरुण आहेत, शहाणे आहेत, आणि भित्रे आहेत. "मी तुमच्या बाजूनं आहे," ते म्हणाले. "पण कार्यकारिणीचा ठराव झालाय. थोडा वेळ द्या."

"पाळकसाहेब, ह्यांना पुढची गुठळी कधी व्हायची ते ठरावानं ठरणार आहे का?"

 घरी येताना डेपोवरून यावं लागतं. तिथं अजून ह्यांचाच आवाज लावतात, आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला. फलाट क्रमांक चारवरच्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, वगैरे. गर्दीत उभी राहून मी माझ्या नवऱ्याची दोन पूर्ण वाक्यं ऐकली आणि देवाला वर बघून म्हटलं, "तुझ्या घरात काचेआड आणि डेपोत लाऊडस्पीकरवर. तुला तरी पटतं का हे?"

त्याच क्षणी मी ठरवलं. या महिन्याच्या प्रभुभोजनाला हे तिसऱ्या बाकावर बसणार आणि तिथंच, सगळ्यांमध्ये, सगळ्यांबरोबर घेणार. नाही दिलं तर मी त्या चर्चचा उंबरा पुन्हा ओलांडणार नव्हते.

प्रभुभोजनाच्या रविवारी ह्यांना पांढरा शर्ट घातला. बटणं मीच लावली. हे खुशीत होते, मला काहीबाही सांगत होते, सगळं त्याच शब्दात. दारात स्वागताला उभ्या असलेल्या गृहस्थांनी बाळखोलीकडे हात केला. मी त्यांच्या हाताखालून ह्यांना पुढे नेलं. तिसरा बाक. बाकावरची मंडळी जरा जास्तच सरकली, आम्हाला दोघांना चौघांची जागा झाली.

प्रभूच्या प्रार्थनेला ह्यांनी सुरुवात केली तशी मंडळीनं आवाज चढवला. ठरवून की न ठरवता, देव जाणे. आमच्या चर्चमध्ये एवढ्या जोरात प्रार्थना मी कधी ऐकली नव्हती. ह्यांना दाबायला अख्खी मंडळी ओरडत होती, आणि हे शेजारच्याच्या सुराला सूर मिळवत, कुणी मागे राहू नये म्हणून ओळीच्या शेवटी थांबत, नेहमीसारखे चालले होते. मी तोंड मिटून बसले. मला तेव्हा प्रार्थना सुचलीच नाही, कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी एवढंच सुचत होतं.

मग पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाआधीची सूचना वाचली. ज्याचं कुणाशी काही बिनसलं असेल त्यानं आधी ते मिटवावं आणि मग हात पुढे करावा. ही सूचना इतकी वर्षं हे वाचायचे. मी समोरच्या बाकाच्या लाकडाकडे बघत राहिले. माझं बिनसलं होतं, पुष्कळांशी बिनसलं होतं, आणि मला मिटवायचं नव्हतं.

सेक्रेटरी भाकरीचं ताट घेऊन निघाले. पावाचा नखाएवढा चौकोनी तुकडा असतो, पण आम्ही त्याला भाकरच म्हणतो. देणारा ठरलेलं एक वाक्य म्हणतो, घेणारा आमेन म्हणतो आणि मगच तुकडा तळहातावर पडतो. पहिला बाक झाला, दुसरा झाला. ते ह्यांच्यापुढे आले. ह्यांनी डावा तळहात पुढे केला. सेक्रेटरींनी वाक्य म्हटलं, अगदी पुटपुटत.

"च्यायला," हे म्हणाले. मान झुकवून, हळू.

सेक्रेटरींचा हात ताटावर थांबला. मला वाटलं, देतील. मग त्यांनी मान हलवली, ह्यांना ओलांडलं आणि तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. आमेन म्हणायचीही वाट पाहिली नाही. आणि गेले पुढच्या बाकाकडे.

ह्यांचा तळहात तसाच पसरलेला होता, रिकामा.

 मी माझा तुकडा दोन बोटांत धरून मोडला. निम्मा ह्यांच्यापुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "घ्या. हे तुमच्यासाठी आहे. त्यांनी नाही दिलं तरी तुमच्यासाठीच आहे." भाकर वाटताना चाललेलं गायन थांबलं. पेटीवाल्या बाईंचे हात वरच राहिले. मला वाटत होतं, आता हे घेतील, आणि आम्ही उठू, आणि या लोकांना कायमचा रामराम.

ह्यांनी घेतलं नाही. माझी मूठ मिटली, वरून आपल्या हातानं दाबली आणि समोरच्या बाकाला धरून उठले. मी म्हटलं, "अहो, कुठे?" मला वाटलं, घरी. हे एकेका बाकाची पाठ धरत, उजवा पाय ओढत मागे निघाले. फरशीवर बूट घासल्याचा आवाज सगळ्या चर्चमध्ये ऐकू येत होता. सेक्रेटरी सहाव्या बाकाशी होते. हे त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले, तोल सावरला, आणि बाकाचा आधार सोडून तो डावा हात पुढे केला. भाकर मागायला पसरतात तसा नाही. हात मिळवायला करतात तसा.

"च्यायला," हे म्हणाले. मग आणखी दोनदा, समजावून सांगावं तसं.

त्याचा अर्थ सांगायला कुणी लागत नव्हतं. ती सूचना पंचवीस वर्षं ज्यांच्या कानांवर पडली होती तेच लोक तिथे बसले होते. सेक्रेटरी त्या हाताकडे बघत राहिले.  आयुष्यभर शाळेला भाषणं दिलेल्या माणसाला एक शब्द सापडेना. त्यांनी ताट शेजारच्या बाईंच्या हातात दिलं आणि ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

आणि मी? मला आनंद झाला असं कुणाला वाटत असेल तर नाही झाला. मी भडकले होते. अपमान ह्यांचा झाला होता, बोलायचा हक्क ह्यांचा होता, आणि हा माणूस जाऊन हात मिळवत होता. माझी आठ महिन्यांची लढाई त्यांनी मला न विचारता सोडून दिली होती. मी मनात म्हटलं, देवा, हे तूच शिकवलंस ना ह्यांना? तुझंच काम हे. एवढ्या शब्दांतला एक शब्द ठेवलास आणि त्यातही तुला हेच म्हणायला लावायचं होतं.

तेवढ्यात हे वळले. मधल्या वाटेतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटीनं खुणावलं. ये.

अख्खी मंडळी माझ्याकडे बघत होती. मी बसून राहू शकले असते. ह्यांना बोट धरून बाहेर घेऊन जाऊ शकले असते, उंबरा सोडायचं तर मी ठरवलेलंच होतं. पण हे तिथे आधाराशिवाय उभे होते, गुडघा थरथरत होता, आणि मी गेल्याशिवाय हलणार नव्हते हे मला माहीत होतं. तीस वर्षं मी ह्यांच्या शेजारी डोळे मिटून बसले, माझ्या वतीनं हे बोलले. हा हात मात्र माझ्या वतीनं ह्यांना मिळवता येणार नव्हता.

मी उठले. मोडलेले दोन्ही तुकडे डाव्या मुठीत, उजवा हात मोकळा. सहाव्या बाकापर्यंतचं अंतर मी देवाशी भांडतच चालले, आणि चालले.

सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला सांगू. मी हात दिला. दात खाऊन दिला, पण दिला. त्यांचा हात गार पडला होता.

मग त्यांनी ताट परत घेतलं, ठरलेलं वाक्य या वेळी मोठ्यानं म्हटलं आणि थांबले. हे म्हणाले, "च्यायला." सेक्रेटरींनी मान लववली आणि भाकर त्यांच्या तळहातावर ठेवली.